शेकडा, साल आणि अंगठा

हल्लीच्या विद्यार्थ्यांना पैशातलं काही कळत नाही, असं म्हणण्याची घरोघरी पद्धत आहे. म्हणणारी मंडळी बहुधा स्वतः वीस वर्षं एकाच विमा पॉलिसीचे हप्ते भरत असतात आणि शेवटी हातात किती पडणार असं विचारलं की एजंटला फोन लावतात. पण ते असो. आरोप मुळातच खोटा आहे. कॉलेजच्या दारातला झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेत असेल आणि रस्त्यापलीकडचा दीड, तर साठ पानांच्या नोट्ससाठी पीएमपीच्या बसखालून वाचत पलीकडे जाणारा मुलगा तीस रुपयांची बचत आणि जिवाची जोखीम यांचा हिशेब कागद-पेन्सिलीशिवाय करतो. मेसचा खाडा कसा लावायचा, सलग किती दिवस गावाला गेलं की पैसे कापून मिळतात आणि म्हणून शनिवारी निघायचं की शुक्रवारी, हे त्याला पाठ असतं. पहिल्या वडापावाला लागते ती चव तिसऱ्याला लागत नाही, हे त्याला बारावीच्या पुस्तकातला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत वाचण्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. सिद्धांत वाचून त्याला फक्त एवढंच कळतं की साध्या गोष्टीला इतकं अवघड नाव देता येतं. चौघांच्या चहा-पोह्यांचं बिल प्रत्येकी त्रेचाळीस रुपये पंचाहत्तर पैसे असं विभागून युपीआयनं वसूल करणारी ही पिढी आहे. तिकडे पाच जणांच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकजण काम करतो, तिघं कौतुक करतात आणि पाचव्याचं फक्त पहिल्या पानावर नाव असतं. अर्थशास्त्रज्ञ ज्याला फुकट्या प्रवाशाची समस्या म्हणतात, तिचा याहून स्वच्छ नमुना कोणत्याही विद्यापीठात सापडणार नाही. किंबहुना तो फक्त विद्यापीठातच सापडतो.

तेव्हा मागणी, पुरवठा, संधी खर्च, सौदेबाजी या सगळ्या विषयांत आपला विद्यार्थी पास आहे. मग तो नापास कुठे होतो? माझं म्हणणं असं की तो एकाच विषयात होतो आणि तो विषय म्हणजे काळाची किंमत. आज हातात नसलेला पैसा आज वापरायचा, तर त्याचं भाडं पडतं. त्या भाड्याला दर असतो, आणि तो दर विचारायचा असतो. झेरॉक्सच्या पन्नास पैशांसाठी रस्ता ओलांडणारा तोच मुलगा मोबाइलच्या दुकानात शिरला की एकच प्रश्न विचारतो: महिन्याला किती? दुकानदाराला याहून गोड प्रश्न कोणी विचारू शकत नाही. कारण ‘किती टक्के’ या प्रश्नाचं उत्तर एकच असतं आणि ते बहुधा अवघड असतं. ‘महिन्याला किती’ याची उत्तरं मात्र हवी तितकी असतात. सहा महिन्यांचे घ्या, बाराचे घ्या, अठराचे घ्या. मुदत ताणली की हप्ता आक्रसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं फोन स्वस्त झाला.

एक साधं उदाहरण बघू. बारा हजारांचा फोन. विक्रेता सांगतो, व्याज फक्त महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा. बारा हजारांवर बारा टक्के म्हणजे 1,440 रुपये, एकूण 13,440, बाराने भागा, हप्ता 1,120. भागाकार बरोबर आहे, पावती बरोबर आहे, विक्रेता हसतमुख आहे. गडबड इतकीच की पहिला हप्ता दिल्या दिवसापासून तुमच्याकडे बारा हजार उरलेलेच नसतात. सहा महिन्यांनी निम्मं मुद्दल तुम्ही परत केलेलं असतं आणि व्याज मात्र अजून पुऱ्या बारा हजारांवरच चाललेलं असतं. वर्षभर सरासरीनं तुमच्या वापरात असतात जेमतेम साडेसहा हजार. त्यांच्यावर 1,440 रुपये म्हणजे बारा टक्के नव्हेत. घटत्या बाकीवर नीट हिशेब केला तर दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. या पद्धतीला बाजारात ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. सपाट म्हणे! गिऱ्हाईक सपाट होतं, हा तपशील नावात आधीच आहे.

इथे शिक्षक मंडळी रास्त हरकत घेतील की हे सगळं आम्ही शिकवतो. शिकवतात, यात शंका नाही. ‘द.सा.द.शे.’ हा मंत्र महाराष्ट्रातल्या शाळांतून गेलेल्या प्रत्येकाच्या कानावर पडलेला आहे, आणि गायत्री मंत्राइतकाच अर्थाचा विचार न करता तो म्हटला जातो. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले शंभर. आठवीत चक्रवाढ व्याज येतं, नववीत आयकर येतो, आणि दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात तर ‘अर्थनियोजन’ नावाचं अख्खं प्रकरण आहे: जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी, सगळं. मंडळानं यात कसूर केलेली नाही. पण पाठ्यपुस्तकातली माणसं फार सज्जन असतात, अडचण ती आहे. त्यांना दर आधीच सांगितलेला असतो. ती कर्ज घेतात, तीन वर्षं निवांत बसतात आणि मुदत संपल्या दिवशी व्याजासकट रास आणून देतात. मध्ये कोणाचा हप्ता चुकत नाही, कोणाला दंड पडत नाही, कोणी प्रोसेसिंग फी मागत नाही. पुस्तक दर देतं आणि व्याज विचारतं. बाजार हप्ता देतो आणि दर लपवतो. म्हणजे मुलांना प्रश्न उलटा सोडवायला हवा असतो आणि आपण त्यांच्याकडून सुलटा सोडवून घेतो, पाच मार्कांना. शिवाय पुस्तकात ‘दर साल’ असतं आणि बाजारात ‘दर महा’. गावाकडचा खासगी सावकार आजही ‘शेकडा तीन रुपये’ म्हणतो तेव्हा त्यात महिना गृहीत असतो. वर्षाचे छत्तीस टक्के तो कधी तोंडानं उच्चारत नाही. क्रेडिट कार्डवालेही बहुतेक असंच करतात. महिना साडेतीन टक्के ऐकायला किती माफक वाटतं! बारानं गुणलं तर बेचाळीस, आणि आठवीतलं चक्रवाढ लावलं तर एक्कावन्नच्या वर. आठवीचं प्रकरण कामाला येतं ते असं, फक्त परीक्षा बाजार घेतो.

आता कोणी म्हणेल, कर्जाच्या कागदावर न वाचता सही करण्याचा दोष आजच्या मोबाइलच्या जमान्याला देऊ नका, हे पूर्वापार आहे. अगदी बरोबर. मी तर म्हणेन, या विषयाचा सगळ्यात मोठा वर्ग आपल्याच महाराष्ट्रात भरला होता आणि तो शिकवण्यासाठी शेतकऱ्यांना दंगा करावा लागला होता. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासचे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढच्या काळात हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यामागे मोठी साखळी होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर मुंबई इलाख्यातल्या कापसाला भाव होता आणि शेतकऱ्याला कर्ज मागावं तितकं मिळत होतं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जाचा हात आखडला, त्यात सरकारनं सारा वाढवला. आपलं कर्ज मिसिसिपीकाठच्या लढाईवर अवलंबून आहे, हे इंदापूर-शिरूरच्या कुणब्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण दंग्याचा तपशील त्याहून बोलका आहे. चौकशी आयोगाला असं आढळलं की या लोकांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. तो कागदांवर होता. खतं मागायची, रोखे मागायचे, कोर्टाचे हुकूमनामे मागायचे आणि सगळ्यांची होळी करायची. सावकारानं मुकाट्यानं दप्तर पुढे केलं तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला बोटही लागलं नाही. निरक्षर शेतकऱ्याला खताचा एक शब्द वाचता येत नव्हता, पण आपलं वैर नेमकं कोणाशी आहे हे त्यानं अचूक वाचलं होतं.

या खतांचीच एक गोष्ट अशी की ती आजच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटायला हवी. 1859 साली सरकारनं मुदतीचा कायदा केला: साधं कर्जखत तीन वर्षंच चालेल, मग बाद. हेतू चांगला होता. व्याजाचे डोंगर साठू नयेत. सावकारानं कायदा वाचला आणि त्याला तो फार आवडला. दर तीन वर्षांनी तो शेतकऱ्याला बोलावू लागला, जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज एवढ्याचं नवं खत लिहून घेऊ लागला, आणि कालपर्यंतचं व्याज आजपासून मुद्दल झालं. खाली नांगराची निशाणी काढली की शेतकरी मोकळा. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लागल्याचं प्रकरण आयोगापुढे आलं ते याच रीतीनं. आता क्रेडिट कार्डाचं बिल घ्या. त्यावर दोन आकडे असतात: एकूण बाकी, आणि तिच्याशेजारी प्रेमळ अक्षरांत ‘किमान देय रक्कम’. समजा बाकी वीस हजार, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे हजार रुपये, आणि दर महिना साडेतीन टक्के. विद्यार्थी हजार रुपये भरतो आणि जबाबदार नागरिक झाल्याच्या आनंदात झोपी जातो. त्या हजारातले सातशे व्याजात जातात, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटीचे एकशे सव्वीस सरकारात जातात आणि कर्जाच्या अंगाला लागतात एकशे चौऱ्याहत्तर. उरलेल्या बाकीवर पुढच्या महिन्यात नवं खत. दर महिन्याला बाकीचे असे पाचच टक्के भरत राहिलं आणि एक रुपयाची नवी खरेदी केली नाही, तर वीस हजारांचे दहा हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतात. तेवढ्यात बी.ई. होतं, एम.ई. होतं आणि निम्मा फोन फिटतो. फोन मात्र तिसऱ्या वर्षीच बंद पडलेला असतो. सुप्याच्या सावकाराला खत तीन वर्षांनी बदलावं लागे. प्रगती म्हणायची तर हीच की आता ते दर महिन्याला आपोआप बदलतं.

नांगराच्या निशाणीची जागा पुढे अंगठ्यानं घेतली, आणि या अंगठ्याचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं मुद्दाम वाचण्यासारखा आहे. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. ठशावरून माणूस ओळखायचं शास्त्र तेव्हा जन्मायचं होतं. हर्शेलचा उद्देश साधा होता: या माणसानं नंतर ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये, त्याला जरा धाक बसावा. म्हणजे करारावरचा ठसा जन्माला आला तो सही करणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे, सही घेणाऱ्याच्या. पुढची शंभर वर्षं आपण अंगठा हे अज्ञानाचं चिन्ह मानलं, अंगठेबहाद्दर ही शिवी केली, साक्षरतेच्या मोहिमा काढल्या, शाळा उघडल्या, अंगठ्याच्या जागी सही आणली. आणि सगळे सही करायला शिकल्यावर फोन आला. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा अटी-शर्तींची चाळीस पानं अंगठ्यानं सर्रकन वर ढकलतो, तळाशी ‘मला मान्य आहे’ दिसलं की त्याच अंगठ्यानं दाबतो, आणि ओळख पटवण्यासाठी पुन्हा तोच अंगठा टेकवतो. सुप्याच्या शेतकऱ्याला निदान सबब होती. शिवाय त्याच्याकडे जाळायला कागद तरी होता. सर्व्हरची होळी करायला आजच्या पिढीला बराच लांबचा प्रवास पडेल.

यावर पहिला प्रतिवाद असा येतो की विद्यार्थ्यांकडे पैसेच कुठे असतात, मग त्यांना व्याज-बिज शिकवून उपयोग काय? हे म्हणजे पाऊस पडत नाही त्या गावाला पाण्याचा हिशेब कशाला, असं विचारण्यासारखं आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दर विचारायची घाई नसते. कर्ज सुरू होतं ते पैसे नसतात तिथेच. आणि कायद्यानं याची तारीखही ठरवून दिलेली आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्दबातल, असा त्याचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलनं 1903 मध्ये पक्का केला. सज्ञान कोणाला म्हणायचं हे ठरवणारा कायदा आला 1875 मध्ये, सुप्यात खतं जळाली त्याच वर्षी: अठरा वर्षं पूर्ण. त्यामुळे सतराव्या वर्षी कर्ज देणारा कोणी भेटत नाही आणि अठराव्या वाढदिवसाला मावशीच्या आधी कर्जाच्या ॲपचा शुभेच्छासंदेश येतो. पात्रता सिद्ध करायला वय पुरतं. बारावीची गुणपत्रिकाही कोणी मागत नाही. जे शिकवायचं ते या वाढदिवसाच्या अलीकडे शिकवलेलं बरं.

दुसरा प्रतिवाद आजोबा लोकांचा असतो: कर्ज काढूच नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ऐकायला हा उपदेश फार सोज्ज्वळ वाटतो, पण आजोबांच्या उसाचं बियाणं सोसायटीच्या कर्जावर आलेलं असतं आणि त्या सोसायटीच्या संचालक मंडळाच्या फोटोत आजोबा पुढच्या रांगेत बसलेले असतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो कर्जाला पाप समजून नव्हे. वाजवी दरानं मिळणारं कर्ज माणसाला उभं करतं आणि अवाजवी दराचं आडवं करतं, हा फरक ओळखून. शैक्षणिक कर्जाचंच बघा. बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढच्या सवलतीच्या काळात सरळव्याज आकारतात. पाठ्यपुस्तकातलं सरळव्याज खऱ्या जगात कुठे भेटत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ते इथे येऊन बघून जावं, दुर्मीळ पक्षी आहे. अर्थात परतफेड सुरू झाली की हे साठलेलं व्याज मुद्दलात मिळतं आणि पक्षी उडून जातो. म्हणून ज्याला जमेल त्यानं शिकत असतानाच नुसतं व्याज भरत राहावं, असं जाणते लोक सांगतात. कमाई वाढवणाऱ्या शिक्षणासाठी दहा-अकरा टक्क्यांनी पैसे घेणं आणि कॅमेऱ्यात एक भिंग जास्त आहे म्हणून साडेएकवीसनं घेणं, या दोन्हींना ‘कर्ज’ हा एकच शब्द वापरून दोन्हींवर सरसकट नाक मुरडलं की मुलगा पहिलं टाळतो आणि दुसरं गुपचूप घेतो.

तिसरा प्रतिवाद सर्वांत सुशिक्षित असतो. 1875 मध्ये सावकार बेलगाम होते, आज रिझर्व्ह बँक आहे, ग्राहक न्यायालयं आहेत, कायदा वाचवेल. गंमत म्हणजे जुन्या काळी एक कायदा खरोखर वाचवत असे, आणि तो फार सुटसुटीत होता: दामदुपट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मुंबईचं उच्च न्यायालयही तो मानत आलं होतं. आजच्या क्रेडिट कार्डाला दामदुपट ठाऊक नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. तेव्हा व्याजाला छत घालण्याच्या बाबतीत कायद्यावर भिस्त ठेवून झोपू नये. रिझर्व्ह बँकेनं आपल्या परीनं एकदा सत्य सांगून टाकलं आहे. सप्टेंबर 2013 मध्ये तिनं बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, तेव्हा असल्या योजना बंद करा. बाजारानं आज्ञा शिरसावंद्य मानली आणि ‘शून्य टक्के’च्या जागी ‘नो कॉस्ट ईएमआय’ लिहिलं. यात होतं असं की रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुमच्या व्याजापोटी वळती होते, व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून घेतात, कुठेकुठे प्रोसेसिंग फी पडते, आणि एवढं सगळं झाल्यावर जे उरतं ते मोफत असतं.

या सगळ्याच्या उलट टोकाला एसआयपीचे प्रवचनकार बसलेले आहेत, त्यांच्याविषयी थोडक्यात. महिना पाचशे रुपये टाका, बारा टक्के परतावा धरा, तीस वर्षांत साडेसतरा लाख. अशी चित्रफीत दर तिसऱ्या मिनिटाला फोनवर येते. गणित चुकीचं नाही. बारा टक्के हे ‘धरा’ आहेत, कोणी हमी दिलेली नाही, हे बारीक अक्षरांत असतं. आणि महागाई सहा टक्क्यांनी चालली तर त्या साडेसतरा लाखांत आजच्या तीन लाखांएवढाच माल येईल, हे बारीक अक्षरांतही नसतं. तरीही बचत चांगलीच. फक्त क्रम बघा. महिना साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर वीस हजार थकलेले असताना, वर्षाला बारा टक्क्यांच्या आशेनं दरमहा पाचशेची एसआयपी चालवणारे तरुण ‘आम्ही गुंतवणूक करतो’ म्हणून सांगतात. तेच पाचशे कार्डात भरले तर वर्षाला बेचाळीस टक्के वाचतात, हमीनं, आणि वर व्याजावरचा जीएसटीही वाचतो. एवढा परतावा देणारा म्युच्युअल फंड कोणी काढला तर त्याच्या दारात पोलीस उभे राहतील. पण कर्ज फेडण्याची चित्रफीत कोणी काढत नाही, कारण तिच्याखाली कमिशनची लिंक देता येत नाही.

म्हणून मला वाटतं, शाळा-कॉलेजांतून पैशाचं शिक्षण द्यायचं असेल तर शेअर बाजाराच्या खेळापासून सुरुवात करू नये. तो मुलं आपसूक शिकतात, आणि बाजार फी घेऊनच शिकवतो. दहावीच्या ‘अर्थनियोजन’मध्ये एकच धडा वाढवावा: हप्ता दिलेला आहे, मुदत दिलेली आहे, फी दिलेली आहे, दर काढा. कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी. मोबाइलच्या दुकानाची खरी जाहिरात वर्गात लावावी आणि तिच्यातला दर शोधायला सांगावा. हे गणित कागदावर किचकट आहे, पण मोबाइलमधल्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी तयार सूत्र असतं आणि ते चालवायला एक मिनिट पुरतं. मुलांना ते अवघड जाईल असं म्हणणाऱ्यांनी क्रिकेटच्या गुणतक्त्यातला नेट रनरेट ही मुलं कशी चुटकीसरशी काढतात ते पाहावं.

आणि विद्यार्थ्यांनो, धडा येईपर्यंत तुमच्या हातात एक हक्क आहे तो वापरा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्तसंस्थांनी वैयक्तिक मुदत कर्ज देताना मुख्य तथ्यांचं पत्रक द्यायलाच हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात व्याज, फी, इतर आकार सगळं धरून निघणारा वार्षिक टक्केवारी दर एकाच आकड्यात छापावा लागतो, आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर ते मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय परत करायला निदान एक दिवस मिळतो. पत्रक मराठीत मागा. दुकानातला माणूस तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल, मागची रांग चुळबुळ करेल, बघू द्या. तो आकडा सापडेपर्यंत अंगठा खिशात ठेवा. क्रेडिट कार्डाची बाकी या नियमातून वगळलेली आहे, तेव्हा तिथे बारानं गुणायचं काम तुम्हालाच करावं लागेल.